जोड

चेंडू वर गेला. उचलून देणाऱ्या पोराची नजर पक्की, बोटं पक्की. नेटच्या कडेला, मारणाऱ्यानं जिथं उडी घ्यायला हवी, बरोबर तिथं चेंडू पोचला. उडी घ्यायला मात्र कुणी आलंच नाही. चेंडू रिकाम्या जागी पडला आणि घरंगळत गेला. पोरानं मागं वळून पाहिलं, तर त्याच्याच संघातले सगळे जागच्या जागी उभे होते.

"पुन्हा दाव बरं," आबा म्हणाले.

नातीनं बोटानं चित्र मागं नेलं. चेंडू परत वर गेला, परत पडला. आबांनी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. "ह्याला वस्ताद न्हाई का कुणी?"

नीरा नरसिंहपूरच्या घाटावर ही बैठक रोज संध्याकाळी भरत होती. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नीरा भीमेला जिथं मिळते तिथलं हे गाव. नीरेपलीकडं माळशिरस तालुका, भीमेपलीकडं माढा. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. वैशाखातली नृसिंह जयंती नुकतीच होऊन गेली होती, पाहुणे पांगले होते. पायऱ्या संध्याकाळीही चटका देत, म्हणून आबा टॉवेल अंथरून बसत. वय पंचाहत्तरीच्या पुढं, दोन्ही कान मोडलेले. जन्मभर शेती केली तरी पंचक्रोशीत त्यांची ओळख पैलवान म्हणूनच. नात बारामतीला कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात ती सेटर, म्हणजे चेंडू उचलून देणारी. संघात सेटर दोघी आहेत, आणि ती दुसरी. सुट्टीला आली ती फोनमध्ये 'हायक्यू' घेऊनच.

'हायक्यू' ही व्हॉलीबॉलवरची जपानी चित्रमालिका. हारुइची फुरुदाते यांची मूळ चित्रकथा 'शोनेन जंप' या साप्ताहिकात २०१२ ते २०२० अशी आठ वर्षांहून जास्त चालली. ४०२ प्रकरणं, ४५ खंड. पडद्यावरची मालिका २०१४ मध्ये सुरू झाली. हिनाता शोयो हा तिचा नायक. उंची १६३ सेंटिमीटरलाही जरा कमी, पण उडी जबर. दुसरा कागेयामा तोबिओ, १८० सेंटिमीटरच्या वर उंच, हात सोन्याचे आणि जीभ कडू. तो चेंडू रिकाम्या जागी पडला तो ह्याच कागेयामाचा. 'मैदानाचा राजा' हे नाव त्याला त्याच्याच सोबत्यांनी दिलं होतं, आणि ते कौतुकाचं नव्हतं. शाळेत असताना दोघं एकदाच समोरासमोर आले. हिनाताचा कसाबसा उभा केलेला संघ ३१ मिनिटांत गारद झाला. तुला हरवीन तेव्हाच मी खरा, असं रडत रडत बजावून तो हायस्कूलला गेला, तर कारासुनो हायस्कूलच्या व्यायामशाळेत समोर तोच कागेयामा. आता दोघं एकाच संघात.

आबांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. माणूस वाढतो हौद्यात, आणि त्याला वाढवतो वस्ताद. पहाटे उठून जोर काढायचे, बैठका मारायच्या, माती उकरायची, लढत करायची, मिळेल तो खुराक खायचा आणि गप झोपायचं. समोर कोण उभा राहणार हे वस्ताद बघेल.

"वैरावर पैलवान वाढत न्हाई," ते म्हणाले. "मेहनतीवर वाढतो. तुझी ही पोरं सारखी एकमेकांकडं बघत्यात. आमच्या तालमीत दुसऱ्याकडं बघत बसला तर वस्ताद काठी घालायचं."

"मग चूक कोण दाखवणार, आबा? वस्ताद बाहेर उभे. हात तर समोरच्याच्या हातात असतो."

"वस्तादाला बाहेरनंच नीट दिसतं."

"दिसतं. पण लागत नाही."

आबांनी यावर उत्तर दिलं नाही. नातीनं मग दुसऱ्या हंगामातला एक प्रसंग काढला. पहिल्या हंगामात या दोघांनी एक अजब डाव बसवलेला असतो. हिनाता डोळे मिटून, जीव खाऊन उडी मारतो आणि हात फिरवतो. फिरणाऱ्या तळव्याच्या वाटेत चेंडू नेमका आणून ठेवायचं काम कागेयामाचं. प्रतिस्पर्ध्यांना काही उमगायच्या आत गुण मिळतो. आबांना हे पटलं. डोळे मिटण्यात त्यांना नवल वाटलं नाही. खाली गेलेल्या पैलवानाला वरच्याचं वजन कुठं सरकतंय हे पाठच सांगते, डोळ्यांना तिथं काम नसतं, असं ते म्हणाले.

"पण हिनाताला ते नको होतं," नात म्हणाली. एका पराभवानंतर त्याच्या मनात येतं की हा गुण माझा नाही, मी नुसता हात फिरवतो. हवेत असताना मला डोळे उघडे हवेत, समोरचे हात बघून कुठं मारायचं ते मला ठरवायचं आहे. कागेयामा भडकतो. चाललेला डाव कशाला मोडायचा? दोघं मारामारीवर येतात, एक सोबती मधे पडून दोघांनाही तडाखे देतो तेव्हा सुटतात. पुढं बरेच दिवस ते वेगवेगळे सराव करतात. आणि त्या दिवसांत कागेयामा वेगळाच चेंडू शिकतो, उडीच्या टोकाशी क्षणभर थांबल्यासारखा होऊन खाली पडणारा, म्हणजे मारणाऱ्याला बघायला वेळ मिळेल असा.

"आता सांगा," नात म्हणाली, "जिंकणारा डाव मोडा असं कुठला वस्ताद सांगेल? मित्र तर म्हणेल, छान चाललंय. हे मागायची हिंमत एकाच माणसात होती, ज्याला कागेयामाला हरवायचं होतं त्याच्यात."

इथं तिचं पारडं जड आहे, असंच म्हणावं लागतं. खेळांच्या चित्रमालिकांत वाढ दाखवायची सोपी तऱ्हा म्हणजे नायकाला नवी ताकद देऊन मोकळं होणं. 'हायक्यू'त एकाची वाढ दुसऱ्याला अडचणीत आणते, मग त्यालाही सरकावं लागतं. हिनाता डोळे उघडतो आणि कागेयामाला, ज्याच्यासाठी संघ म्हणजे नुसती हात-पाय असलेली अवजारं होती, पहिल्यांदाच विचारावं लागतं की तुला चेंडू कसा हवा. ज्याच्या चेंडूला कुणी आलं नव्हतं, तो आता येणाऱ्याची वाट बघायला शिकतो.

आबा मात्र हलले नाहीत. त्यांच्याकडं खाशाबा होते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. मातीत वाढलेल्या माणसाला गादी नवीन, नियमही नवीन. परत येऊन चार वर्षं त्यांनी मेहनत केली. १९५२ च्या हेलसिंकीसाठी डावललं जातंय असं दिसल्यावर पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागून निवडीची लढत मिळवली. पैसे नव्हते, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आणि खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

"कोण व्हता त्यांचा वैरी?" आबांनी विचारलं. "चार वर्षं कुणाचं तोंड बघून मेहनत केली? कुणाचं न्हाई. गुरू, माती, आन् आपलं आपण."

नातीनं फोनमध्ये काहीतरी शोधलं. हेलसिंकीत खाशाबा ज्याच्याकडून गुणांवर हरले, तो जपानचा होता. शोहाची इशी. मूळचा जुडोतला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान पहिल्यांदाच उन्हाळी ऑलिंपिकला आला होता, आणि त्या सगळ्या ऑलिंपिकमध्ये जपानला एकच सुवर्ण मिळालं, ते इशीचं. त्या लांबलेल्या कुस्तीनंतर पुरती विश्रांती न मिळता खाशाबांना सोव्हिएत संघाच्या राशीद मामेदबेकोवशी लढावं लागलं, असं आपल्याकडं सांगतात.

"म्हंजी आपल्या खाशाबांची गाठ जपान्याशीच पडली म्हण की," आबा म्हणाले. हे त्यांना ठाऊक नव्हतं. थोडा वेळ ते नदीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ती कुस्ती अशी चित्रात कुणी काढली आसती, तर म्या दहा भाग बघितलं आसतं."

दहा भागांचा विषय त्यांनीच आदल्या दिवशी तक्रार म्हणून काढला होता. 'हायक्यू'चा तिसरा हंगाम म्हणजे शिरातोरिझावा संघाशी झालेला एकच सामना, पाच सेटचा, दहा भागांत. उडी डोळ्याचं पातं लवेपर्यंतची आणि उडी मारणाऱ्याच्या मनातला विचार पाच मिनिटांचा, हे आबांना सोसवत नव्हतं. त्यावर नातीनं त्यांना परवाचीच गोष्ट आठवून दिली. पारावर बसून आबांनी १९७१ सालातल्या एका एकेरी पटाची हकिकत अर्धा तास सांगितली होती. पट निघायला लागला असेल एक क्षण. ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कुणीही उठून गेलं नव्हतं.

त्यांच्या वादात खरी गाठ होती ती शब्दाची. आबा 'वैर' म्हणत, नात 'रायव्हल' म्हणे, आणि दोघं वेगळ्याच माणसाबद्दल बोलत. नातीच्या कॉलेजात 'खुन्नस' हा शब्द चालतो. तो आबांना शिवीसारखा वाटला. आबांच्या तोंडी 'ईर्षा' येई, आणि पुस्तकात जिचा अर्थ मत्सर, ती ईर्षा इंदापुराकडच्या बोलीत चक्क कौतुकाची: गडी ईर्षेनं लढला म्हणजे जीव ओतून लढला. मग एका संध्याकाळी, दुसऱ्याच कशावरून तरी, आबा बोलून गेले की त्यांच्या काळी अमक्या पैलवानाला जोडच मिळत नव्हती.

"काय मिळत नव्हती?"

"जोड. कुस्ती कुणासंगं लावायची? तोलामोलाचा गडी नगं का?"

कुस्तीत समोरच्याला जोड म्हणतात. फडात कुस्त्या नेमणारे लोक वजन, वय, नाव बघून जोड लावतात. चुरशीची झाली तर काटाजोड म्हणतात. जत्रेला आलेल्या पैलवानाला जोड मिळाली नाही, तर तो नारळ-फेटा घेऊन न लढताच परततो, आणि ते हरण्याहून वाईट. ज्याला पाडायचं, त्याला मराठीनं जोडीच्याच शब्दात बसवलं आहे. नातीनं हा शब्द उचलला तो परत सोडला नाही. कागेयामा ही हिनाताची जोड आहे, एवढंच मी म्हणत होते, असं ती म्हणाली. आबांना याच्याशी भांडता येईना. वैर त्यांना नामंजूर होतं. जोड कशी नामंजूर करणार?

मग आबांनीच तिला बालेवाडीची कुस्ती सांगितली. ७ जानेवारी २०२०, महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत. गादी विभागातून आलेला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, माती विभागातून आलेला लातूरचा शैलेश शेळके. दोघंही कात्रजला काका पवारांच्या तालमीतले. रोज एकमेकांच्या अंगावर मेहनत केलेले दोघं गदेसाठी समोरासमोर आले. एकमेकांचे डाव एकमेकांना पाठ, त्यामुळं कुस्ती मोजून मापून झाली; गुण ३-२. हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. जिंकलेल्याला खांद्यावर घेऊन नाचणं सगळ्यांनी पाहिलेलं. इथं जिंकलेला वाकला होता आणि हरलेला वर होता.

"बघ, वैर न्हवतंच तिथं," आबा म्हणाले. "एका ताटात जेवलेली पोरं."

"म्हणून तर मी म्हणते. हर्षवर्धनला शैलेशएवढं ओळखणारं होतं कोण?"

एकच कुस्ती दोघांनी आपापल्या बाजूला ओढली. वैर खरंच असलं की काय होतं, हेही आबांनी दाखवून दिलं. २०२५ मध्ये अहिल्यानगरला त्याच स्पर्धेत निकालावरून वाद पेटला, एका मल्लानं पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. त्या मल्लाचं नाव आबा घेत नाहीत. मेहनत केलेला माणूस आहे, म्हणतात, आणि गप्प होतात.

नरसिंहपुरात बसून वैरावर बोलायचं आणि देवळाकडं पाठ करायची, हे होणं नव्हतं. लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ घाटाच्या वरच आहे. प्रल्हादानं या संगमावर वाळूची मूर्ती करून पुजली, अशी इथली कथा. आबांनी लहानपणापासून ऐकलेल्या कीर्तनांत हिरण्यकश्यपूची मागची गोष्टही येई. तो मुळात वैकुंठाचा द्वारपाल जय. सनकादिकांच्या शापानं त्याला आणि विजयाला पृथ्वीवर यावं लागलं, तेव्हा त्यांच्यापुढं निवड ठेवली गेली: भक्त म्हणून सात जन्म, की शत्रू म्हणून तीन? दोघांनी शत्रुत्व मागितलं, कारण परतीची वाट त्यानं लवकर संपणार होती. कीर्तनकार याला विरोधभक्ती म्हणतात. भक्ताला देवाचा विसर पडू शकतो. वैऱ्याला कसा पडेल? तो उठता-बसता त्याचंच नाव घेतो.

ही गोष्ट सांगून झाल्यावर आबांच्या लक्षात आलं की आपण नातीच्या हातात शस्त्र दिलं. ती हसली. पण आबा कुस्तीतलं माणूस, खाली जाता जाता त्यांनी डाव फिरवला. "आन् शेवटी काय झालं? उंबऱ्यावर मांडीवं घिऊन पोटच फाडलं न्हवं?"

नातीचं हसू थांबलं. या प्रश्नाला तिच्याकडं उत्तर होतं, पण ते तिच्या बाजूचं नव्हतं.

जपानी खेळ-चित्रकथांची परंपरा 'हायक्यू'एवढी प्रेमळ नाही. १९६८ ते १९७३ या काळात 'अशिता नो जो' ही मुष्टियुद्धाची चित्रकथा चालली. लेखन इक्की काजिवारा यांचं, दुसऱ्या टोपणनावानं, आणि चित्रं तेत्सुया चिबा यांची. त्यात जोची जोड रिकिइशी. सुरुवातीला रिकिइशी जोपेक्षा पुष्कळ उंच आणि भारी काढला गेला होता. मग दोघांची एका वजनगटात गाठ घालायची तर रिकिइशीनं उतरायला हवं. तो अन्न तोडतो, पाणी तोडतो, हाडांचा सापळा होतो, लढत ठरल्याप्रमाणं खेळतो, जिंकतो आणि मरतो. वाचकांना हे सहन झालं नाही. २४ मार्च १९७० रोजी टोकियोत प्रकाशकाच्या इमारतीत रिकिइशीचा अंत्यविधी झाला. कवी-नाटककार शुजी तेरायामा यांच्या पुढाकारानं. कागदावरच्या माणसासाठी सातशेच्या आसपास खरी माणसं आली होती.

"वजन उतरवणं," आबा हळूच म्हणाले. "ते काय असतं ते ठावं हाय मला." पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाटच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरले, त्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती. आदल्या दिवशी विनेशनं हरवलेली जपानची युई सुसाकी तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत एकदाही हरली नव्हती. ती जोड खेळली गेली, जिंकली गेली, आणि तरी काट्यानं सगळं पुसलं.

काजिवारांचीच त्याआधीची 'क्योजिन नो होशी' ही बेसबॉलची कथा भारतातही येऊन गेली आहे, हे फारच थोड्यांना आठवत असेल. डिसेंबर २०१२ मध्ये कलर्स वाहिनीवर 'सूरज: द रायझिंग स्टार' या नावानं. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, टोकियोच्या जागी मुंबई, गरिबाघरचा सूरज आणि श्रीमंताघरचा त्याचा प्रतिस्पर्धी विक्रम. मूळ कथेत बाप पोराच्या अंगावर पोलादी स्प्रिंगांचा साज चढवून त्याला घडवतो. इथं ते पोराचे हाल दिसतील, म्हणून सायकलच्या ट्यूब आल्या. आबांना यात काहीच वावगं दिसेना. त्यांनी स्वतः विहिरीच्या थारोळ्यावर ट्यूब बांधून हात कमावले होते. नातीला मात्र बाप नकोच होता. मुलाची वाढ बापाच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छेवर होणार असेल, तर त्यात मुलाचं काय? 'हायक्यू' तिला आवडते ती यासाठीही, की त्यातली पोरं स्वतःहून सरावाला येतात. हिनाताला निवड-शिबिराला बोलावणं नसतं. तो तसाच जाऊन उभा राहतो आणि चेंडू गोळा करायचं काम पत्करतो, आणि दुसऱ्यांचे चेंडू उचलता उचलता खेळ बघायला शिकतो.

हरलेल्यांचं काय, हा आबांचा सगळ्यात जिव्हारी लागलेला प्रश्न होता. जिंकलेल्याची वाढ सगळे सांगतात. हरलेला पिशवी उचलून शेवटच्या एसटीनं घरी जातो. नातीनं त्यांना पहिल्या हंगामातला तोकोनामी संघ दाखवला. पहिल्याच फेरीत कारासुनोकडून हरणारा, सगळीकडं असतो तसला साधा संघ. गोष्टीला त्यांची गरज संपलेली असते. तरी मालिका थांबते आणि त्यांच्याबरोबर राहते: एकाला वाटतं, थोडा जास्त सराव केला असता तर; आणि आपणही व्हॉलीबॉल खेळलो होतो, हे त्याला कुणाला तरी सांगावंसं वाटतं. आबांनी हा भाग बोलल्याविना बघितला. संपल्यावर त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं.

त्यांना सगळ्यात जवळचा वाटला तो ओइकावा तोरू. कागेयामाचा शाळेतला वरच्या वर्गातला सेटर, मेहनती, सगळ्यांचा लाडका. आणि खालून हा उपजत हात घेऊन आलेला पोरगा. एके संध्याकाळी धाकटा कागेयामा सर्व्हिस शिकवा म्हणून जवळ येतो आणि ओइकावाचा हात त्याच्यावर उगारला जातो. मित्र मधे पडतो म्हणून बसत नाही.

"हात उगारला," आबा म्हणाले. "म्या तर तेवढंबी केलं न्हाई."

नात थांबली.

तालमीत असताना आबांच्या हाताखाली नदीपलीकडचा एक पोरगा आला होता, त्यांच्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान. आबांनी त्याला उभं राहण्यापासून शिकवलं. दोन वर्षांत पोरगा आबांचाच पट काढायला लागला. ते चारचौघांत त्याची पाठ थोपटत. पण खाली गेल्यावर वरच्यानं घिस्सा घातला तर त्यातून निसटायची एक तोड आबांना येत होती, ती त्यांनी त्याला दाखवली नाही. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. आबा काही वस्ताद नव्हते. पुढं जत्रेच्या फडात पोराची मोठी कुस्ती लागली. हलगी कडकडत होती. पोरगा खाली गेला, घिस्सा बसला, पाठ लागली. अंगाची माती न झाडता तो गर्दीतून थेट आबांकडं आला, पाया पडला आणि विचारलं, "दादा, ह्याला तोड काय?"

"मग?"

"म्हणालो, सरावानं यील."

खाली पाण्याजवळ कुणीतरी म्हैस धुत होतं. बराच वेळ तोच आवाज होता.

पोरगा पुढच्या वर्षी कोल्हापूरला गेला. परत गाठ पडली नाही. "त्यो गेला त्या साली म्या जोर वाढवलं," आबा म्हणाले. "हजारावर नेलं. खुराक वाढवला. कुस्ती एकबी नवी मारली न्हाई."

इतके दिवस आबा मेहनतीची बाजू मांडत होते ती कुठून येत होती, हे नातीला कळलं असावं. तिनं ते बोलून दाखवलं नाही. तिनं स्वतःचं सांगितलं. संघातली पहिली सेटर तिच्यापेक्षा उंच आहे, हातही लांब. जानेवारीत एका सरावाला तिनं सगळ्यांसमोर हिला सुनावलं: डोक्यामागं चेंडू द्यायच्या आधी तुझा डावा खांदा पडतो, आंधळ्यालाही कळेल. त्या दिवसापासून दोघी कामापुरतंच बोलतात. नातीनं खोलीत आरशासमोर उभं राहून बघितलं, तेव्हा खांदा पडत होता.

"आजून पडतो?"

"कमी झालाय. पण बघायला कुणी नाही इथं."

"हुबी ऱ्हा."

ती घाटाच्या रुंद पायरीवर उभी राहिली, डोक्यावर हात नेले, कमरेतून किंचित मागं झुकली. आबा उठून तिच्या मागं गेले आणि त्यांनी खांद्यावर नुसतं एक बोट टेकवलं. पुन्हा कर, म्हणाले. पुन्हा. सातआठ वेळा झाल्यावर त्यांनी बोट काढलं. खांदा त्यांना लागत होता, पण चेंडू कुठं जाणार हे त्यांना कळणार नव्हतं. ते त्यांनी सांगूनही टाकलं. ती पोरगी कुठली, असं विचारलं. अकलूजची, नात म्हणाली. अकलूज तर नीरेपलीकडं, इथून फार लांब नाही.

"तिला काय येत न्हाई?"

नातीनं विचार केला. "तिची बोटं लवकर दमतात. तिसऱ्या सेटला चेंडू खाली राहतो."

"बोटांवरचं जोर. पंधरा दिसात फरक पडंल." आबांनी पायरीवर हात टेकवून पाचही बोटं फाकवून दाखवली. मग टॉवेल झटकला. "सांगितलंस तिला हे?"

तिनं मान हलवली. देवळात सांजआरतीची घंटा सुरू झाली तशी दोघं वर चढायला लागली. नात दोन पायऱ्या मागं राहिली. फोनमध्ये तिनं त्या मुलीचं नाव काढलं. शेवटचा निरोप जानेवारीतला, सरावाच्या वेळेचा. शनिवारी नरसिंहपूरला येशील का, असं तिनं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं आणि पाठवलं. शेवटच्या पायरीवर आबा थांबून विचारत होते की त्या कागेयामानं पुढं कधी त्या जुन्या पोरांची गाठ घेतली का. ती त्यांना सांगू लागली. हातातला फोन अजून उजळलेला होता. दोन खुणा निळ्या झाल्या होत्या, उत्तर आलं नव्हतं.